सायकलच्या घरगुती दिव्यासाठी लिथियम बॅटरी पॅक : सेल कसे जोडावेत?

काजवा
सायकलसाठी पुढचा दिवा मी स्वतः तयार केला असून त्याचे यांत्रिक काम जवळजवळ पूर्ण झाले आहे. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीत तांब्याच्या पट्टीवर दोन एलईडी एकसर जोडून बसवले आहेत, त्यांच्यापुढे भिंगे आहेत आणि मागे हीटसिंक आहे. दोन्ही एलईडींतून १.५ अँपिअर धारा सोडली असता त्यांच्या टोकांमध्ये ६.३ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज दिसते, म्हणजे दिवा साडेनऊ वॉट घेतो. टेबलावरच्या पॉवर सप्लायवर तो उत्तम चालतो. मात्र पॉवर सप्लाय पाठीला बांधून सायकल चालवणे शक्य नसल्यामुळे आता बॅटरीचा विचार करणे भाग आहे.

माझ्याकडे ३००० एमएएच क्षमतेचे चार नवे १८६५० (१८ मिमी व्यासाचे, ६५ मिमी लांबीचे दंडगोल) लिथियम सेल आहेत आणि एका जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले काही सेलही पडून आहेत. पूर्ण प्रकाश किमान दोन तास मिळावा, एवढी अपेक्षा आहे. चारही सेल समांतर जोडावेत, की दोन-दोन समांतर जोडून त्या जोड्या एकसर कराव्यात, हे ठरत नाही. ड्रायव्हर (एलईडीला ठरलेली धारा देणारे सर्किट) अजून घेतलेला नाही, त्यामुळे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. शिवाय सेलवर थेट सोल्डर केले तर चालते का, आणि सेल जास्त भरण्यापासून किंवा उतरण्यापासून वाचवणारा संरक्षक बोर्ड कोणता घ्यावा, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

ओहमकार
आधी हिशोब करू, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. दिवा ९.५ वॉट घेतो आणि ड्रायव्हरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर बॅटरीतून सुमारे ११.२ वॉट जातील. एका सेलमध्ये ३.६ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर-तास, म्हणजे १०.८ वॉट-तास ऊर्जा असते. दोन सेलांवर दोन तास जेमतेम भरत नाहीत; चार सेलांवर पावणेचार तासांच्या आसपास मिळतील. सेल जुने झाल्यावर आणि थंडीत क्षमता घटल्यावरही तुमचे दोन तास शाबूत राहतील, त्यामुळे चार ही संख्या योग्य आहे.

आता जोडणी. सेल कसेही जोडले तरी प्रत्येकावर येणारा भार सारखाच, म्हणजे पाऊण-एक अँपिअर राहतो. फरक पडतो तो वायरमध्ये. बॅटरी सायकलच्या आडव्या नळीवर आणि दिवा हँडलवर असेल, तर जाऊन-येऊन दोनेक मीटर वायर सहज लागते. अर्ध्या चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ३४ मिलिओहम असतो. चारही सेल समांतर असतील तर ३.१ अँपिअर वाहतील आणि ०.२ व्होल्ट वायरमध्येच जातील, म्हणजे ३.६ व्होल्टमधील जवळजवळ सहा टक्के. दोन एकसर केल्यास धारा निम्मी होते आणि नुकसान दीड टक्क्यावर येते. माझे मत २एस२पी या जोडणीला, म्हणजे दोन-दोन सेल समांतर (पी) आणि त्या दोन जोड्या एकसर (एस).

धडपड्या
ओहमकार यांचा हिशोब बरोबर असला तरी निष्कर्ष मला मान्य नाही. वायर एक चौरस मिलिमीटरची घेतली की तो युक्तिवाद निम्मा संपतो. समांतर जोडणीचा मोठा फायदा असा, की सगळे सेल नेहमीच एकाच व्होल्टेजवर राहतात, त्यामुळे बॅलन्सिंगची (एकसर सेलांची पातळी सारखी करण्याची) भानगडच उरत नाही. एकसर जोडणीत एक जोडी दुसरीपेक्षा अशक्त निघाली, की दरवेळी तीच आधी रिकामी होणार आणि आधी भरणार. चार्जिंगसाठी टीपी४०५६ चा छोटा बोर्ड आणि यूएसबीची वायर पुरते. घरगुती कामात सुटे भाग जितके कमी, तितके बिघाड कमी.

ओहमकार
टीपी४०५६ जास्तीत जास्त एक अँपिअर देतो. १२,००० एमएएचचा पॅक त्यावर भरायला बारा तासांहून अधिक वेळ लागेल, आणि तो लिनियर प्रकारचा, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा, असल्यामुळे सुरुवातीला बराच तापेल. चार्जिंग चालू असताना दिवाही लावला तर त्या चिपला चार्जिंग संपल्याचे कळतच नाही, कारण ठरलेल्या धारेच्या एक दशांशापर्यंत धारा उतरली की थांबायचे, एवढेच तिला माहीत असते आणि दिवा ती उतरू देत नाही.

शंकासुर
एवढा खटाटोप करण्यापेक्षा तयार पॉवर बँक का वापरू नये? तिच्यात सेल, चार्जर, संरक्षण सगळे असतेच.

धडपड्या
वापरता येईल, पण दोन अडचणी आहेत. पॉवर बँक आतल्या सेलचे व्होल्टेज वाढवून पाच व्होल्ट करते आणि ड्रायव्हर ते पुन्हा ६.३ पर्यंत नेणार, म्हणजे दोन ठिकाणी ऊर्जा वाया. दुसरे असे, की दिवा मंद ठेवला आणि धारा फार कमी झाली, तर बऱ्याच पॉवर बँका ‘काही जोडलेलेच नाही’ असे समजून स्वतःहून बंद होतात. मोबाइल भरताना ही सोय असते, रात्रीच्या रस्त्यावर नाही.

चाकधर
मी हब डायनॅमोवाला, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या डायनॅमोवर दिवा चालवणारा आहे, त्यामुळे या धाग्यावर मी विरोधी पक्षात. ६ व्होल्ट, ३ वॉट, चार्जिंग नाही, आग नाही. डायनॅमोची बॅटरी म्हणजे आपल्याच मांड्या, आणि त्या कितीही तापल्या तरी पेट घेत नाहीत.

काजवा
चाकधर, मांड्यांची क्षमता किती एमएएच धरावी, तेवढे कृपया सांगावे. :-) तीन वॉटमध्ये चांगले भिंग असेल तर सपाट रस्त्यावर काम भागते हे मान्य आहे, पण मला खडबडीत वाटेवर जास्त प्रकाश हवा आहे आणि दिवा तयारही झाला आहे.

विजेरी
लॅपटॉपच्या सेलांबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून लिहिते. असा सेल हातात आल्यावर प्रथम मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. ते दोन व्होल्टच्या खाली गेले असेल, तर तो सेल पुन्हा भरून पाहण्याचा मोह टाळावा आणि तो ई-कचऱ्यात द्यावा. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये ऋण बाजूच्या तांब्याच्या पत्र्यातील तांबे विरघळू लागते आणि पुढे चार्ज करताना ते भलत्याच ठिकाणी साचून आतल्या आत शॉर्ट तयार होऊ शकतो. असा सेल काही दिवस छान चालतो, हीच त्यातली फसवी गोष्ट आहे.

दोन व्होल्टच्या वर असलेले सेल एकेक करून ४.२ व्होल्टपर्यंत भरावेत आणि भरताना हाताला गरम लागतो का ते पाहावे. मग दोन आठवडे नुसते ठेवून पुन्हा मोजावे. चांगल्या सेलचे व्होल्टेज सुरुवातीला किंचित बसते आणि मग स्थिरावते. जो रोज थोडा थोडा उतरत राहतो तो बाद. उरलेल्यांची क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर तपासावी. एवढे सगळे करूनही ते तुमच्या नव्या सेलांबरोबर एकाच पॅकमध्ये घालू नयेत, कारण जुना सेल लवकर दमतो आणि नव्यालाही आपल्याबरोबर खाली ओढतो.

आणखी एक. नवे म्हणून घेतलेले सेलही वजन करून पाहावेत. खरा १८६५० पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतो. या आकारात साडेतीन हजार एमएएचच्या फार पुढे कोणी गेलेले नाही, त्यामुळे वेष्टनावर ९९०० छापलेले असेल तर तो आकडा केवळ शाईचा आहे.

निशाचर
विजेरी यांच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली आहे.

ओहमकार
सोल्डरबद्दल. सेलच्या टोकावर थेट सोल्डर करू नये. आतला विभाजक पडदा पॉलिइथिलीनसारख्या प्लास्टिकचा असतो आणि साधारण १३० अंशांना वितळू लागतो, तर सोल्डरिंग गनचे टोक साडेतीनशेच्या आसपास असते. सेलचे पोलादी बूड उष्णता भराभर ओढून घेते, म्हणून सोल्डर धरेपर्यंत माणूस टोक दाबून ठेवतो, आणि नुकसान तेवढ्या वेळातच होते. धन टोकाकडे तर गॅस बाहेर सोडणारी झडप आणि प्लास्टिकचे सील असते.

निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डरने जोडणे हा खरा मार्ग आहे. ०.१५ मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर रुंद शुद्ध निकेलची पट्टी तुमच्या धारेला भरपूर होते. निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दिसायला तशीच असते. तिच्यावर ओरखडा ओढून मिठाच्या पाण्यात एक दिवस ठेवली की गंज तिची ओळख पटवतो. वेल्ड नीट झाला आहे की नाही, हे टाकाऊ सेलवर पाहावे : पट्टी पक्कडीने सोलून काढली असता ती वेल्डच्या जागी फाटली पाहिजे आणि सेलवर निकेलचे बारीक ठिपके चिकटून राहिले पाहिजेत. पट्टी अलगद, स्वच्छ निघून आली तर वेल्ड कच्चा.

आणि कृपया धन टोकाभोवती इन्सुलेशनच्या कागदी चकत्या चिकटवाव्यात. १८६५० चे संपूर्ण डबडे ऋण असते, अगदी धन बटणाभोवतीचा खांदासुद्धा. त्या दोहोंमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे अंतर आणि वर केवळ पातळ वेष्टन असते. खड्ड्यांतून हजारो हादरे बसल्यावर पट्टीची कड ते वेष्टन कापते आणि मग शॉर्ट थेट सेलच्या डोक्यावर होतो, जिथे कोणताही संरक्षक बोर्ड मध्ये येऊ शकत नाही.

शंकासुर
स्पॉट वेल्डर नसेल तर?

धडपड्या
तर पट्ट्या वेल्ड केलेलेच सेल घ्यावेत आणि पट्टीच्या मोकळ्या टोकावर सोल्डर करावे, किंवा घट्ट स्प्रिंगचे होल्डर वापरावेत. होल्डरमध्ये हादऱ्याने क्षणभर संपर्क तुटून दिवा लुकलुकतो, म्हणून सेलवर पट्टा आवळावा. होल्डरमध्ये सेल उलटा बसवण्याची शक्यता असते, तेव्हा आतच धन-ऋण ठळक रंगवून ठेवावे.

अनुस्वार
आतापर्यंतची सगळी चर्चा सेलच्या सुरक्षेभोवती फिरली आहे, आणि ती आवश्यकही आहे. परंतु हा पॅक कपाटात नव्हे तर चालत्या सायकलवर राहणार असल्यामुळे मला दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. संरक्षक बोर्ड सेलला वाचवतो, स्वाराला नाही. एखाद्या सेलचे व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली, बहुतेक बोर्डांवर २.५ ते २.८ च्या आसपास, गेले की बोर्ड काहीही पूर्वसूचना न देता धारा तोडतो. तुम्ही त्या क्षणी उतारावर असाल तर बॅटरी सुरक्षित आणि तुम्ही अंधारात. काही बोर्ड तर एकदा तुटल्यावर चार्जर लावेपर्यंत पुन्हा चालूच होत नाहीत.

या कसोटीवर पाहिले तर २एस (दोन जोड्या एकसर) आणि १एस (सगळे समांतर) यांत मोठा फरक आहे. चारही सेल समांतर असतील तर ड्रायव्हर व्होल्टेज वाढवणारा, म्हणजे बूस्ट प्रकारचा लागेल. तो एलईडीला शेवटपर्यंत १.५ अँपिअर देत राहतो आणि बॅटरी उतरेल तशी तिच्यातून अधिकाधिक धारा ओढतो, त्यामुळे शेवट कड्यावरून पडल्यासारखा होतो. दोन जोड्या एकसर असतील तर ८.४ व्होल्टपासून व्होल्टेज खाली आणणारा, म्हणजे बक प्रकारचा ड्रायव्हर वापरता येतो. एलईडींना ६.३ व्होल्ट हवेत. बॅटरी ६.६ च्या आसपास आली की ड्रायव्हरला कापायला काही उरत नाही आणि तिथून पुढे प्रकाश आपोआप मंद होत जातो. स्वाराला कळते, घरी पोहोचायला वेळ मिळतो, आणि सेलवरचा भारही कमी होत जातो. मात्र त्यासाठी ड्रायव्हर शंभर टक्के ड्यूटीपर्यंत जाणारा, म्हणजे आतला स्विच सतत चालू ठेवू शकणारा असावा. काही ड्रायव्हर त्याआधीच बंद पडतात किंवा लुकलुकू लागतात. काजवा यांच्याकडे पॉवर सप्लाय आहेच, तेव्हा ड्रायव्हर आणल्यावर ८.४ पासून हळूहळू ५.५ व्होल्टपर्यंत उतरून पाहावे.

धडपड्या
अनुस्वार, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो पटला. तरी दुसरा लहान दिवा, वेगळ्या बॅटरीवरचा, हँडलला असावाच, कारण वायर तुटली तर मंद होणारा ड्रायव्हर काय करणार?

चाकधर
आणि तो दुसरा दिवा डायनॅमोवर असावा. ;-)

अवांतर नसलेला एक प्रश्न : आगीचीच भीती असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल का नकोत? ते तुलनेने शांत स्वभावाचे मानले जातात.

अनुस्वार
ते सेल खरोखरच उष्णता अधिक सोसतात आणि अधिक वर्षे टिकतात. परंतु त्यांचे व्होल्टेज ३.२ असते. दोन एकसर केले तर ६.४ होतात, म्हणजे ६.३ व्होल्टच्या या दिव्यासाठी बक ड्रायव्हरला जागाच राहत नाही. तीन एकसर करावे लागतील, आणि त्याच आकारात त्यांची क्षमताही बरीच कमी असते. त्यांचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहते आणि मग एकदम कोसळते, त्यामुळे मघाशी सांगितलेला मंद होण्याचा फायदाही हातचा जातो.

काजवा
सर्वांचे आभार. ड्रायव्हर आणून अनुस्वार यांनी सांगितलेली चाचणी केली. ६.७ व्होल्टपर्यंत प्रकाशात काहीच फरक नाही. तिथून तो उतरू लागतो. सहा व्होल्टला भिंतीवरचा मधला ठिपका फिका झाला तरी सावकाश चालवण्याइतका उजेड असतो. साडेपाचला एलईडीकडे थेट पाहता येते. लुकलुकणे कुठेही नाही. त्यामुळे २एस२पी नक्की करतो आहे. आता चार्जरचा प्रश्न. घरात ९ व्होल्टचा साधा ॲडॅप्टर आहे. बोर्ड ८.४ च्या पुढे कापतोच, मग तो थेट लावला तर चालेल का?

ओहमकार
मुळीच नाही. बोर्डाची वरची मर्यादा सहसा सेलमागे ४.२५ ते ४.३ व्होल्ट असते आणि ती शेवटची तटबंदी आहे, रोजचा दरवाजा नव्हे. रोज तिथवर नेले तर सेल भराभर म्हातारे होतात, आणि ज्या दिवशी बोर्डावरचा मॉस्फेट (धारा तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट होऊन बिघडेल त्या दिवशी अडवायला कोणी नसेल. ८.४ व्होल्टचा लिथियमसाठीच बनवलेला चार्जर घ्यावा, जो आधी स्थिर धारा देतो, मग ८.४ वर थांबून धारा उतरू देतो आणि शेवटी बंद होतो. तुमच्या ६००० एमएएचच्या पॅकला (जोड्या एकसर केल्याने व्होल्टेज दुप्पट होते, एमएएच नाही) दोन अँपिअरचा चार्जर योग्य आहे. तीन-चार तासांत भरेल. शून्य अंशाखाली तापमान असेल तर चार्ज करू नये. तेव्हा लिथियम ऋण पट्टीत शिरण्याऐवजी धातूच्या रूपात वरच साचते.

जोडण्यापूर्वी चारही सेल वेगवेगळे पूर्ण भरावेत आणि त्यांच्यातील फरक ०.०५ व्होल्टच्या आत आहे ना हे पाहावे. अर्ध्या व्होल्टचा फरक असलेले दोन सेल समांतर जोडले आणि दोघांचा मिळून आंतररोध ०.१ ओहम असला, तर त्या क्षणी पाच अँपिअर एकातून दुसऱ्यात जातात. आधी समांतर जोड्या, मग एकसर पट्टी, आणि बोर्डाच्या वायरी ऋण टोकापासून क्रमाने : आधी ऋण, मग मधली, शेवटी धन. काही बोर्ड जोडल्यावर मेल्यासारखे दिसतात. एकदा चार्जर लावला की जागे होतात.

विजेरी
त्यात एक फ्यूज जरूर घालावा, धन टोकाच्या अगदी जवळ, पाच अँपिअरचा. बोर्डावर २० अँपिअर लिहिलेले असते ते कौतुकाने वाचू नये. हँडल वळून वळून वायर कापली गेली आणि १५ अँपिअर वाहू लागले, तर बोर्डाच्या दृष्टीने सगळे आलबेल आणि तुमची वायर मात्र जळत असेल.

शंकासुर
आणि तरीही पेटलेच तर? लिथियमवर पाणी टाकायचे नसते, असे ऐकले आहे.

विजेरी
ते लिथियम धातूबद्दल आहे. चार्ज होणाऱ्या या सेलांत लिथियम मुख्यतः संयुगांच्या रूपात असते, त्यामुळे भरपूर पाणी टाकणे योग्यच, कारण एका सेलची उष्णता शेजारच्याला पेटवते आणि ती साखळी तोडायची तर पॅक थंड करावा लागतो. सेलमधून फुसफुस ऐकू आली, किंवा गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर धुरापासून दूर व्हावे. त्यात हायड्रोजन फ्लुओराइड असू शकतो.

धडपड्या
डब्याबद्दल दोन शब्द. पाणी आत जाऊ नये म्हणून काही जण संपूर्ण पॅक कडक रेझिनमध्ये ओततात. तसे करू नये. सेलची झडप उघडली तर गॅसला बाहेर पडायला जागा हवी. ती बुजवली की तो डबा राहत नाही, फटाका होतो. सेल एकमेकांना सिलिकोनने चिकटवावेत, बाहेरून श्रिंक स्लीव्ह चढवावी, आणि रबरी कडेचा डबा घेऊन वायर खालच्या बाजूने ग्लँडमधून काढावी. डब्याच्या आत वायरीला गाठ किंवा टाय असावा, म्हणजे बाहेरून ओढ बसली तर ती बोर्डाच्या सोल्डरवर येणार नाही. कनेक्टरची बॅटरीकडची बाजू नेहमी मादी असावी, उघड्या पिना नकोत.

काजवा
टायची सूचना उपयोगी आहे, फ्यूजही आणतो. शेवटची शंका : पावसाळ्यात महिनोन्‌महिने सायकल बाहेर निघणार नाही. तेव्हा पॅक पूर्ण भरून ठेवावा का?

ओहमकार
नाही. पूर्ण भरलेल्या अवस्थेत, आणि विशेषतः गरम जागी, सेल पडल्या पडल्याच क्षमता गमावतात. ७.५ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण निम्मा भरलेला, थंड कोरड्या जागी ठेवावा आणि दिव्याचा कनेक्टर काढून ठेवावा. बटणाने बंद केलेला ड्रायव्हरही थोडी थोडी धारा पीत राहतो आणि काही महिन्यांत पॅक तळाला नेऊ शकतो. दोन महिन्यांनी एकदा मल्टिमीटर लावून दोन्ही जोड्यांचे व्होल्टेज वेगवेगळे मोजा. त्यांत दरवेळी वाढता फरक दिसला, तर ज्या जोडीचे कमी भरते तिच्यातला एखादा सेल गळतो आहे असे समजून ती जोडी बदलावी.